शेर कशाचा, शेंकडा कशाचा?

कल्याण-ठाणें भागांतील जुने जमाखर्च वाचतांना अभ्यासकाची दृष्टि बहुधा नांवांवर व मित्यांवर खिळते. आंकड्यापुढील माप तो सहज ओलांडून जातो. वस्तुतः भावाचा सारा इतिहास त्या मापावर उभा असतो.

या भागाची स्थिति मुळांतच दुहेरी. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें घेतलें. १७७४ च्या अखेरीस तें इंग्रजांनीं घेतलें व १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांजकडेच राहिली. कल्याण मात्र पुढेंहि १८१७ पर्यंत पेशवाईंत होतें. १८५३ त ठाण्यास व १८५४ त कल्याणास आगगाडी आली. १८३३ त बंगालकडे ठरलेला ८० तोळ्यांचा शेर रेल्वेच्या व्यवहारांत रूढ झाला. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणून त्याचा चाळिसावा भाग जो शेर, तो सुमारें २७। तोळ्यांचाच.

समजा, एका कागदांत ‘तेल ५ शेर’ असें आहे. मुंबईचा शेर धरिल्यास तें सुमारें १.५९ किलोग्रॅम, म्हणजे १.७३ लिटर होईल. ८० तोळ्यांचा धरिल्यास ४.६७ किलोग्रॅम, म्हणजे ५ लिटरांहून किंचित् अधिक. त्रैराशिक दोन्हीं ठिकाणीं बिनचूक. परंतु उत्तरांत जवळजवळ तिपटीचें अंतर! एवढ्यावरून महागाई अथवा स्वस्ताई ठरविणें धाडसाचें होय.

दुसरी अडचण द्रव पदार्थांची. एका लिटरांत तेल सुमारें ९२० ग्रॅम, तर दूध १०३० ग्रॅम मावतें. तेव्हां शेर वजनाचा कीं भरण्याच्या मापाचा, हें आधीं पाहिलें पाहिजे. दूध तेलाहून शेंकडा १२ नीं जड. पण तेल दुधाहून शेंकडा १०।।। नींच हलकें. अंतर तेंच, मूळ बदलल्यानें शेंकडा बदलला. धान्याच्या मणाचेंहि असेंच: तो कोठें १२ पायल्यांचा, तर कोठें १६ पायल्यांचा आढळतो.

राज्यकारभारांतील शेंकड्यांसहि हाच नियम लागू आहे. साहोत्रा म्हणजे शेंकडा ६ खरा, पण तो चौथाईवर. आणि चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा. म्हणून १०० रुपये वसुलावर साहोत्रा १।। रुपयाच होतो. तसेंच व्याज ‘दरमहा दरसदे १’ असेल तर सालाचे शेंकडा १२ होतात. ‘दरमहा’ हा शब्द नकलेंत गळाला कीं सारा हिशेब फसला.

सबब कागद छापतांना मूळचें माप जसेंच्या तसें ठेवावें व आजच्या मापांतील रूपांतर निराळें द्यावें, अशी आमची संग्राहकांस विनंति आहे. १९५८ पासून दशमान वजनें प्रचारांत आलीं आणि जुनीं मापें मोडीच्या भावानें जाऊं लागलीं. ज्यांचे संग्रहीं सरकारी शिक्क्याचें एखादें माप असेल, त्यांनीं तें पाण्यानें कांठोकांठ भरून त्या पाण्याचें वजन टिपावें: जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. अनेक कागदांचा वाद एवढ्या एका आंकड्यानें मिटण्यासारखा आहे.