इंजिनाचा ताम्रपट

मोटारीचे इंजिन हा इतिहासाच्या अध्यापकाचा विषय कसा, असे श्रोते विचारतील. पण ताम्रपट हाती आला की आम्ही तरी काय पाहतो? तो कुठला, केव्हाचा, आणि त्यात मागाहून कुणी अक्षरे घुसडली आहेत काय. जुन्या इंजिनालाही हेच तीन प्रश्न विचारावयाचे असतात.

प्रथम घराणे पाहू या. गोरेगावच्या एखाद्या जुन्या गॅरेजात जा आणि बॉनेट उघडायला सांगा. आपले मिस्त्री ज्याला टॅपेट कव्हर म्हणतात ते झाकण इंजिनाच्या माथ्यावर आहे का? नसेल, माथा सपाट असेल आणि त्यावर नुसते प्लग दिसत असतील, तर झडपा खाली ब्लॉकमध्ये आहेत. फोर्डचे मॉडेल ए आणि युद्धकाळातली विलीज जीप या घराण्यातली. झाकण असेल तर झडपा वर. शेव्हरोले आणि आपली फियाट 1100 त्या घराण्यातली. जीपचे पुढले हरिकेन इंजिन मात्र फसवे. त्याला झाकण आहे, पण वर फक्त मिश्रण आत घेणाऱ्या झडपा. धूर बाहेर सोडणाऱ्या खालीच. कार्बोरेटर थेट हेडवर बसलेला दिसला की ते ओळखावे.

आता काळ. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला, तो परदेशातून आलेले भाग जोडण्यापुरता. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली. तिचा कारखाना कुर्ल्याला. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने ठरवले की, भाग इथेच बनवायची तयारी असेल त्यानेच धंद्यात राहावे. पुढल्याच वर्षी शिवडीचा कारखाना बंद झाला. त्या गाड्या गेल्या, पण डिस्ट्रिब्यूटरला मिस्त्री अजून 'डेल्को' म्हणतात; ते जनरल मोटर्सच्याच विद्युत-सामानाचे नाव!

कुर्ल्याची फियाट मात्र हळूहळू देशी होत गेली, आणि ही हकीकत भागांवरच्या नावांत वाचता येते. पिस्टन 'इंडिया पिस्टन्स'चा असेल तर तो 1949 च्या आधीचा नव्हे. प्लगवर 'मायको' असेल तर 1951 च्या, डायनामोवर 'लुकास-टीव्हीएस' असेल तर 1961 च्या आधीचा नव्हे. पण हा पुरावा त्या भागापुरता, गाडीचा नव्हे. प्लग काय, कधीही बदलतो! गाडीसाठी ब्लॉक पाहावा. त्यावर उठावाचे आकडे असतात ते ओतकामाचे, म्हणजे साच्याचे. खोल ठोकलेला असतो तो त्या एका इंजिनाचा क्रमांक. तोच नोंदणीच्या कागदाशी जुळला पाहिजे.

उरला प्रक्षेप. टॅक्सीच्या कार्बोरेटरपाशी सीएनजीचे सामान दिसले तर ती मागाहूनची भर. क्रमांकाची जागा घासून गुळगुळीत केलेली असेल तर मात्र तो फेरफार नव्हे, लबाडी.

हे ज्ञान निव्वळ हौसेचे नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. मूळ कोणते, हे सांगणार कोण? ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही गेल्या. भंगारवाला लोखंड वजनावर घेतो. त्यावरचे आकडे त्याच्या तराजूत मोजले जात नाहीत. म्हणून ब्लॉक भट्टीत जाण्याआधी कुणीतरी तेल पुसून ते वाचले पाहिजेत, वहीत उतरून घेतले पाहिजेत. शिवडी-कुर्ल्याच्या कामगारांनी लिहिलेला इतिहास तेवढाच उरला आहे.