रविवार आपल्याला कुणी दिला?



"आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही!" हे वाक्य गेल्या वर्षभरात मी कितीतरी घरांत ऐकलं. मुलगा किंवा सून नोकरीने पार थकलेली असते, रात्री झोप नाही, रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा. डॉक्टर 'बर्नआउट' म्हणतात. आणि घरातली मोठी माणसं विचारतात, आम्ही काय कमी कष्ट केले?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर रागाने किंवा लाडाने देता येत नाही, थोडं मागे जाऊन बघावं लागतं. बी.कॉम.ला असताना फॅक्टरी अ‍ॅक्टची कलमं मी पाठ केली होती. ती कलमं आली कशी, हे मात्र पुष्कळ नंतर वाचलं.

मुंबईत पहिली कापड गिरणी 1850 च्या दशकात उभी राहिली. तेव्हा गिरणीत दिवे नव्हते. उजाडलं की यंत्रं सुरू, अंधारलं की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त, थंडीत कमी. आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे म. फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, आणि स्वतः गिरणीत भांडारपाल म्हणून नोकरी केलेले. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी परळला कामगारांची सभा घेतली. मागण्या वाचल्या तर आज डोळ्यांत पाणी येईल, इतक्या साध्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. साडेपाच हजार कामगारांनी अर्जाला पाठिंबा दिला. तरी पुढे सहा वर्षं लागली. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे 10 हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बायकाही उभ्या राहून बोलल्या, हे मला फार मोलाचं वाटतं. 10 जून 1890 ला गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली.

त्या यादीतलं 'सूर्यास्तापर्यंत' हे शब्द पुन्हा वाचा. सूर्यास्त म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. माझे सासरे दिवस मावळायच्या आत जेवायला दुकानातून घरी यायचे. गिऱ्हाईक कितीही असो, ती वेळ टळायची नाही. व्रतासाठी पाळलेल्या त्या नियमाने कामालाही आपोआप कुंपण पडायचं.

गिरणीतलं कुंपण मात्र दिव्याने मोडलं. 1905 च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस 14-15 तासांवर गेला. सूर्याने घातलेली मर्यादा गेली, म्हणून ती कायद्याने घालावी लागली. 1911 मध्ये कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी दिवसाला 12 तास ठरले. 1922 मध्ये आठवड्याला 60 तास, 1934 मध्ये 54, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खातं सांभाळत असताना मांडल्या गेलेल्या विधेयकाने 1946 मध्ये 48. तेच 48 तास 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये कायम राहिले, आणि जादा कामाला दुप्पट दराने पैसे. हिशोब करा: 24 वर्षांत आठवड्याचे 12 तास कमी झाले. 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं म्हटलं, तेव्हा मी हीच बेरीज मांडली. 70 तास म्हणजे 1922 च्याही मागे!

आता तुम्ही म्हणाल, मग 14 तास राबणारे ते कामगार कसे तगले? ते थकत नव्हते असं मुळीच नाही. 1908 च्या फॅक्टरी कमिशनपुढे मालकांची तक्रारच ही होती की कामगार यंत्र सोडून बाहेर जातात, विडी ओढतात, रेंगाळतात. त्यासाठी गिरण्या जादा माणसं ठेवायच्या. मालक त्याला आळस म्हणायचे. मला वाटतं, तो शरीराने स्वतःच काढून घेतलेला विसावा होता. दुसरा विसावा म्हणजे गाव. कोकणातला कामगार शेतीच्या दिवसांत, गणपतीला, शिमग्याला गावी जायचा. आजारी पडला, शीण आला तरी गावीच. 1931 च्या रॉयल कमिशनच्या अहवालानेही गावाशी असलेलं हे नातं टिकावं असंच म्हटलं होतं. म्हणजे 'बर्नआउट' शब्द नव्हता, पण त्यावरची रजा होती.

आमच्या पिढीचंही असंच. माझे दीर बँकेत होते. मार्चअखेर रात्री दहा-दहा वाजायचे. पण एरवी कॅश जुळली, तिजोरीला किल्ली लागली की काम तिथेच राहायचं. खातेवही कुणी घरी आणत नसे. आणणार तरी कशी, ती केवढी जाडजूड!

माझी भाची पुण्यात आयटीत आहे, वय 27. तिचं ऑफिस तिच्या उशाशी असतं, मोबाईलमध्ये. परदेशातल्या लोकांची सकाळ होते तेव्हा हिची रात्र, आणि मीटिंग तेव्हाच. दोन वर्षांनी तिला साधी बेरीजही सुचेनाशी झाली, मग बिनपगारी महिनाभर रजा घेतली. घरात एकच चर्चा: स्थळं बघायच्या वेळी हे काय नवीन? लोक काय म्हणतील? तिला मात्र आपण कमकुवत आहोत असंच वाटत राहिलं. तिला विडी ओढायला यंत्र सोडून जाता येत नाही, कारण ती किती वेळ जागेवर नाही हे कॉम्प्युटर मोजतो. आणि गाव म्हणावं, तर आता तिथेही रेंज आहे.

हा शब्दही तसा कालचाच. 1974 मध्ये अमेरिकेतल्या फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञाने मोफत दवाखान्यात सेवाभावाने राबणाऱ्या लोकांबद्दल लिहिताना तो वापरला. लक्षात घ्या, आळशी लोकांबद्दल नाही, जीव ओतून काम करणाऱ्यांबद्दल. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची तीन लक्षणं नोंदवली: शक्ती संपून जाणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. संघटनेने त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटलंय. म्हणजे दोष शोधायचा तर आधी कामाच्या मांडणीत शोधायचा, मुलीच्या स्वभावात नाही.

आपल्या बायकांचा हिशोब तर या कायद्यांत कुठेच आला नाही. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका पहाटेपासून शेकडो माणसांच्या भाकऱ्या थापत. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे त्यांच्या कष्टाची मोजदाद सुरू झाली. आणि घरचं काम? 2019 च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात, पुरुष 97. म्हणून सून नोकरीवरून थकून आली की तिचे दोन्हीकडचे तास मोजा.

"आम्हीही केलं" हे म्हणताना आपण अर्धंच सांगतो. केलं खरं, पण आपल्या मागच्यांनी भांडून मिळवलेला रविवार आपल्याला आयता मिळाला होता. सूर्यास्त, तिजोरीची किल्ली, गाव, यातलं काही ना काही काम थांबवायला होतं. आजच्या मुलांकडे यातलं काहीच उरलेलं नाही.

कायदा बदलणं आपल्या हातात नसेल, पण घर आहे. आपण सामायिकाला बसतो तेव्हा 48 मिनिटं कुणी हाक मारत नाही, फोन वाजला तरी उचलत नाही. तेवढीच मोकळीक मुलांच्या जेवणाला द्यावी. आणि मुलगी "मला जमत नाही" म्हणाली, तर आपली कष्टाची गोष्ट सांगण्याआधी तिला विचारावं, "काल किती वाजता झोपलीस?"