हेटाळणी गेली, श्रेणी राहिली : मुलांसाठीच्या जाहिरातींचा इतिहास

टीव्हीवरच्या जाहिरातींत स्त्रीपुरुषभेद, रंगभेद किंवा जातिभेद आहे असे कोणी म्हटले की एक ठरलेले उत्तर येते : "जाहिरातच ती, एवढे काय मनावर घ्यायचे?" हे उत्तर देणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. जाहिरात कोणी मनावर घेत नसते, तर कंपन्यांनी तिच्यावर पैसा ओतलाच नसता. वीस-तीस सेकंदांत मुलाच्या मनात शिरून बिस्किट, सरबत किंवा खेळणे विकता येते हे ज्यांना पक्के ठाऊक आहे, तेच लोक भेदभावाचा विषय निघाला की जाहिरातीचा मुलांवर काही परिणाम होत नाही म्हणून सांगतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

आमचे म्हणणे असे आहे की मुलांसाठी केलेली जाहिरात वस्तूबरोबर जागाही वाटते. पुढे कोण उभे राहणार, वाढणार कोण, खाणार कोण, हसू कोणाचे होणार आणि चित्रात कोण असणारच नाही, हे मूल वाचायला शिकण्याआधी पडद्यावरून शिकते. याचा इतिहास अमेरिकेत चांगला नोंदला गेला आहे, आणि त्याविरुद्धचे संघटित लढेही तिथे झाले. म्हणून आधी तिकडे पाहू आणि मग आपल्या घरातल्या टीव्हीकडे येऊ.

बाहुलीने दिलेली साक्ष

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे त्याच विद्यापीठातून केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दाम्पत्याने मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्यांनी काळ्या मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या सारख्याच, फरक फक्त रंगाचा. मग विचारले : यातली छान कोणती? वाईट दिसणारी कोणती? तुला खेळायला कोणती हवी? १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २५३ मुले होती. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. निम्म्याहून अधिक मुलांनी वाईट दिसणारी म्हणून काळ्या बाहुलीकडे बोट दाखवले. शेवटी विचारले जाई, यातली तुझ्यासारखी कोणती? त्या प्रश्नावर काही मुले रडू लागली.

गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. त्या खटल्यात क्लार्क दाम्पत्याचे हे कामही न्यायालयापुढे होते. हे प्रयोग झाले तेव्हा त्या मुलांच्या घरात टीव्ही नव्हता. आपण कमी आहोत हे ती शाळेतून, रस्त्यावरून, दुकानाच्या काचेतून शिकली होती. टीव्ही आला आणि या शिकवणीला घरातच, रोजच्या रोज, गाण्यासह वर्ग मिळाला.

दुकान घरात आले

१९५२ साली मिस्टर पोटॅटो हेड या खेळण्याची जाहिरात अमेरिकेत टीव्हीवर आली. टीव्हीवर जाहिरात झालेले हे पहिले खेळणे मानतात. पण खरा बदल १९५५ साली झाला. मॅटेल या कंपनीने 'मिकी माउस क्लब' या मुलांच्या कार्यक्रमात वर्षभर जाहिरात करण्यासाठी पाच लाख डॉलर मोजले. तोवर खेळण्यांची जाहिरात बहुतेक नाताळच्या तोंडावर आणि आईबापांना उद्देशून होत असे. आता कंपनी आईबापांना ओलांडून थेट मुलाशी बोलू लागली.

आणि काय बोलली? मुलग्याला बंदूक दाखवली. १९५९ साली मुलीला बार्बी दाखवली. १९६३ साली खेळण्यातली भट्टी आली, तीही मुलीच्याच हाती, म्हणजे तिने केक भाजावा आणि इतरांनी खावा. ही वाटणी इतकी मुरली की जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१२ साली, एका तेरा वर्षांच्या मुलीला कंपनीकडे मागणी करावी लागली की माझ्या लहान भावाला स्वयंपाकाची आवड आहे, तुमच्या वेष्टनावर आणि जाहिरातीत मुलगेही दाखवा. हजारो लोकांनी तिच्या मागणीवर सह्या केल्या, तेव्हा कंपनीने काळ्या-चंदेरी रंगाची भट्टी आणायचे कबूल केले.

रंगाचे गणितही असेच. बार्बीच्या जगात १९६८ साली ख्रिस्ती नावाची काळी बाहुली आली, पण ती बार्बीची 'मैत्रीण' म्हणून. 'बार्बी' हेच नाव असलेली काळी बाहुली यायला १९८० साल उजाडले. म्हणजे काळ्या मुलीला मैत्रिणीची जागा मिळायला नऊ वर्षे आणि नायिकेची जागा मिळायला एकवीस वर्षे लागली. ही एकवीस वर्षे वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यात आहे.

हेटाळणीचा धंदा

काही जाहिराती तर उघड उघड अपमान विकत होत्या. १९६४ च्या सुमारास पिल्सबरी कंपनीने मुलांसाठी सरबताच्या पुड्या आणल्या. प्रत्येक चवीला एक विनोदी चेहरा. संत्र्याच्या चवीला अमेरिकेतल्या आदिवासींची टिंगल करणारे नाव आणि चेरीच्या चवीला चिनी माणसाचे व्यंगचित्र. आक्षेप आल्यावर नावे आणि चेहरे बदलले गेले.

१९६७ साली फ्रिटो-ले कंपनीने मक्याच्या चिप्ससाठी 'फ्रिटो बँडिटो' हे कार्टून आणले. मोठी टोपी, लांब मिशा, सोन्याचा दात, कमरेला पिस्तुले आणि मोडके इंग्रजी. हा मेक्सिकन दरोडेखोर लोकांच्या चिप्स चोरत असे. त्याच्या आकाराचे पेन्सिलवर बसवायचे खोडरबरही पाकिटातून मुलांना मिळत. विचार करा : वर्गात गोऱ्या मुलाच्या पेन्सिलीवर तो चोर बसलेला आहे आणि शेजारच्या बाकावर मेक्सिकन मजुराचे मूल बसले आहे. त्या मुलाला कोणत्या नावाने हाक मारली गेली असेल हे आम्ही वेगळे सांगायला नको. आपल्यापैकी पुष्कळांना शाळेत अशा हाका ऐकू आल्या आहेत.

मेक्सिकन-अमेरिकन संघटना याविरुद्ध उभ्या राहिल्या. कंपनीने आधी तडजोड केली. सोन्याचा दात काढला, चेहरा जरा गोड केला, पिस्तुले काढून घेतली. चोर मात्र मेक्सिकनच ठेवला. संघटना मागे हटल्या नाहीत. कॅलिफोर्नियातल्या काही वाहिन्यांनी ही जाहिरात दाखवणे बंद केले आणि अखेर १९७१ साली हे पात्र गेले. ते कंपनीच्या सद्‌बुद्धीने गेलेले नाही. अपमान झालेल्यांनी संघटित होऊन ते घालवले.

मिनिटे मोजली, माणसे मोजली नाहीत

याच काळात, १९६८ साली, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पेगी चॅरन आणि काही आयांनी 'अॅक्शन फॉर चिल्ड्रेन्स टेलिव्हिजन' ही संस्था काढली. मुलांच्या कार्यक्रमातला जाहिरातींचा मारा थांबवा, ही त्यांची मागणी होती. १९७८ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगात अगदी लहान मुलांना उद्देशून जाहिराती करण्यावर बंदी घालायचा प्रस्ताव आला. खेळणी, साखर आणि जाहिरात या तिन्ही धंद्यांनी एकजूट केली आणि १९८० साली संसदेने कायदा करून आयोगाचेच हात बांधले. शेवटी १९९० साली कायदा झाला. त्यात मुलांच्या कार्यक्रमात तासाला शनिवार-रविवारी साडेदहा मिनिटे आणि इतर दिवशी बारा मिनिटे एवढ्याच जाहिराती, अशी मर्यादा घातली गेली.

त्या आयांचा लढा मोठा होता, त्याचे मोल आम्ही कमी करत नाही. पण कायद्याने मिनिटे मोजली. त्या मिनिटांत कोणते मूल कुठे उभे आहे, हे मोजले नाही.

ते मोजायचे काम अभ्यासकांनी केले. एलन सायटर या माध्यम-अभ्यासक स्त्रीने १९९० च्या सुमारास मुलांच्या जाहिरातींतली वांशिक मांडणी तपासली. आता उघड हेटाळणी उरली नव्हती. घोळक्यात काळी, आशियाई मुले दिसू लागली होती. पण ती बहुधा कडेला, मागच्या रांगेत. खेळ ठरवणारा, वस्तू हातात धरणारा, बोलणारा बहुधा गोरा मुलगा. काळ्या मुलाच्या वाट्याला नाच, गाणे आणि चेंडू. हुशारी आणि भविष्य गोऱ्या मुलाच्या वाट्याला. मुली टाळ्या वाजवायला.

हे वाचताना आपल्याला बाबासाहेबांची श्रेणीबद्ध विषमतेची मांडणी आठवल्याशिवाय राहत नाही. जातिव्यवस्था माणसाला फक्त वर आणि खाली असे दोन भागांत वाटत नाही, ती पायऱ्या लावते आणि प्रत्येकाला त्याची पायरी नेमून देते. जाहिरातवाल्यांनी तेच केले. आधी चित्राबाहेर ठेवले, मग हसण्यासाठी आत घेतले, मग आरडाओरडा झाल्यावर कडेला उभे केले. हेटाळणी गेली, श्रेणी राहिली.

आणि आपल्याकडे?

अमेरिकेचा इतिहास आपण परका मानलेला नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याची माहिती मागवली होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव जागवत. म्हणून त्याच नजरेने आपला पडदा पाहू.

दूरदर्शनवर जाहिराती १९७६ साली सुरू झाल्या, रंग १९८२ साली आला. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत जे वाढले त्या सर्वांना काही चित्रे पाठ आहेत. भूक लागली म्हणून ओरडत येणारी मुले आणि दोन मिनिटांत मॅगीची ताटली पुढे ठेवणारी आई. मुलाची उंची वाढावी म्हणून दुधात पावडर ढवळणारी आई. धारा तेलाच्या जाहिरातीत रुसून घर सोडणारा गोड मुलगा आणि जिलेबीचे नाव काढून त्याला परत आणणारे रामूकाका. जिलेबी तळायला अर्थात आईच. रुसून घर सोडणारी मुलगी कोणी दाखवली नाही. मुलीने रुसून घर सोडले तर जाहिरात गोड राहत नाही, हे करणाऱ्यांना ठाऊक होते. पुढे किंडर जॉयने निळ्या आणि गुलाबी वेष्टनात मुलग्यांसाठी वेगळे खेळणे आणि मुलींसाठी वेगळे खेळणे ठेवले. अमेरिकेतली १९५० च्या दशकातली वाटणी आपल्याकडे एकविसाव्या शतकात वेष्टनात बांधून आली.

रसनाच्या जाहिरातीत मुलगीच पुढे होती, असे कोणी म्हणेल. होती. पण कशी होती? गोरीगोमटी, नीटनेटक्या दिवाणखान्यातली. आपल्या जाहिरातींतले मूल म्हटले की हेच रूप. डांबरी रस्त्याच्या कडेला वाढलेले, सावळे, पालिकेच्या शाळेत जाणारे मूल या देशात कोट्यवधींनी आहे. चॉकलेटच्या जाहिरातीत ते नसते. ते बहुधा साबण आणि लसीकरणाच्या जाहिरातीत येते, कारण तिथे कोणालातरी अस्वच्छ आणि अज्ञानी दाखवायचे असते. आडनावाचा उल्लेख झालाच तर शर्मा, मेहता, कुलकर्णी. आणि काम करणाऱ्या माणसाला आडनावच नसते, तो नुसता रामूकाका.

"यात जात कुठे आली?" असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर सरळ आहे. जात न उच्चारता जात सांगायची कला या देशात फार जुनी आहे. रंग, आडनाव, घर, ताट आणि हातातले काम एवढे दाखवले की पुरे.

कायद्याला न दिसणारी गैरहजेरी

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की वंश, जात, रंग, पंथ किंवा राष्ट्रीयत्व यांची टिंगल करणारी जाहिरात दाखवता येणार नाही. स्त्रीला दबलेली, दुय्यम दाखवू नये असेही त्यात आहे. २००३ साली महिला संघटनांच्या तक्रारींनंतर गोरेपणाच्या क्रीमची, मुलगा असता तर बरे झाले असते असे सुचवणारी जाहिरात बंद पडली. २०१४ साली जाहिरात मानक परिषदेने रंगावरून कमी लेखू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे आणली. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर जगभर उठाव झाला तेव्हा, २०२० साली, त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' गेला. २०२२ साली केंद्राने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत नियम केले, त्यात मुलांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी न्यूनगंड निर्माण करू नये असेही म्हटले.

पण या सगळ्या नियमांत एक भोक आहे. 'टिंगल' झाली तर तक्रार करता येते. माणूस चित्रातच नसेल तर तक्रार कशाची करणार? मेक्सिकन मुलाचा अपमान पडद्यावर दिसत तरी होता, म्हणून तो घालवता आला. आपल्या मुलांना वर्गाबाहेर बसवावे तसे चित्राबाहेर बसवले आहे, आणि बाहेर बसवल्याचा पुरावा कायदा मागतो तो चित्राच्या आतला!

म्हणून केवळ एखादे सावळे मूल घोळक्यात आणून उभे करा, ही आमची मागणी नाही. ती १९६८ ची ख्रिस्ती झाली. आमचे प्रश्न असे आहेत : जाहिरातीत नाव कोणाला आहे? बोलतो कोण? ठरवतो कोण? सांडलेले पुसतो कोण? आणि हे सगळे लिहिणाऱ्या, निवडणाऱ्या खोलीत आपल्यातले कोण बसले आहे?

हे प्रश्न विचारायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. मानक परिषदेकडे तक्रार करायला पैसे लागत नाहीत. आपल्या संघटनांनी एकेक वाहिनी वाटून घ्यावी आणि महिनाभर मुलांच्या वेळेतल्या जाहिराती टिपून आकडे मांडावेत. गैरहजेरी आकड्यांशिवाय सिद्ध होत नाही. विहारांत रविवारी भरणाऱ्या मुलांच्या वर्गात एक जाहिरात दाखवून वरचे प्रश्न मुलांनाच विचारावेत. क्लार्क दाम्पत्याने मुलांना विचारले म्हणून ते उत्तर न्यायालयापर्यंत पोहोचले. आपल्या मुलांना अजून कोणी नीट विचारलेलेच नाही.