निशाणी अंगठा आणि त्रेपन्नावी चूक

'निशाणी डावा अंगठा' हे शब्द मराठी माणसाने खरेदीखतांच्या आणि कर्जरोख्यांच्या तळाशी पिढ्यान्‌पिढ्या वाचले आहेत. ज्याला सही येत नाही त्याने अंगठा द्यावा, आणि अंगठा देणाऱ्याला जगाने 'अंगठेबहाद्दर' म्हणून हिणवावे, अशी ही जुनी रीत. सप्टेंबर २०१३ मध्ये ॲपल कंपनीने आयफोन ५एस बाजारात आणला व त्याच्या गोल बटणात बोटाचा ठसा ओळखणारा संवेदक बसवला, तेव्हा ही रीत उलटी झाली. अंगठा टेकवणे हे ऐपतीचे लक्षण ठरले.

या ठशाचा पूर्वेतिहास आपल्याच देशातला आहे. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारनाम्यावर घेतला. ओळख पटवणे हा त्यामागचा मुख्य हेतू नव्हताच. उद्या सही नाकारण्याची त्याची छाती होऊ नये, एवढाच होता. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे स्वतंत्र कार्यालय निघाले. तेथील वर्गीकरणाचे अवघड काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केले. पद्धतीला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे लागले. ठसा देणारा आणि ठसा घेणारा यांचे नाते आरंभापासूनच विषम होते, हे लक्षात यावे म्हणून हा उल्लेख. आता मूळ विषयाकडे वळू.

फोनमधील रचना अशी होती. बोटाच्या ठशाचे चित्र साठवले जात नसे; त्याचे गणिती रूप मुख्य चिपमधील एका बंदिस्त कप्प्यात राही. बटणातील संवेदक आणि हा कप्पा यांची गाठ कारखान्यातच बांधली जाई. दुसऱ्या आयफोनचे अस्सल बटण काढून लावले तरी कप्पा त्याला ओळख देत नसे. कारण उघड आहे. कोणी लबाडाने बनावट संवेदक बसवून ठसा चोरला किंवा खोटाच ठसा आत पाठवला तर काय? हे भय अगदीच पोकळ होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु हा फोन विक्रीस येऊन थोडेच दिवस झाले असताना जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लबच्या मंडळींनी काचेवरील ठशाचे छायाचित्र घेतले, त्यावरून कृत्रिम बोट घडवले आणि फोन उघडून दाखवला. त्यांनी बटणाला हातसुद्धा लावला नव्हता.

२०१५ च्या सुमारास आयफोन ६ बाळगणाऱ्यांच्या वाट्याला एक विचित्र अनुभव येऊ लागला. फोन पडतो, काच फुटते. नवी काच बसवताना जुन्या काचेवरचे बटण त्याच्या नाजूक फितीसकट नवीवर चढवावे लागते. फीत तुटली तर कारागीर दुसरे बटण लावतो. फोन सुरळीत चालतो, फक्त ठसा ओळखत नाही. मालक आकडी संकेत वापरून निभावून नेतो. मग काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, कंपनीची नवी संगणकप्रणाली येते, मालक निमूटपणे ती उतरवून घेतो, आणि फोन मरतो. संगणकाला जोडला की पडद्यावर अक्षरे उमटतात: एरर ५३. त्यासोबत आतली छायाचित्रे आणि निरोपही गेलेले असतात.

फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडनच्या 'द गार्डियन'ने हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. त्याच पत्राचे काम करणारा एक छायाचित्रकार बाल्कन प्रदेशात निर्वासितांचे लोंढे टिपत असताना त्याचा फोन पडला. मॅसिडोनियात कंपनीचे दुकान नव्हते; त्याने स्थानिक दुकानातून तो दुरुस्त करून घेतला. अधिकृत दुकानाचा आग्रह धरणाऱ्यांनी जगाचा नकाशा एकदा उघडून पाहावा, असे आम्हांला येथे सुचवावेसे वाटते.

साहित्याच्या अभ्यासकांना या प्रकरणातील सर्वांत रोचक भाग म्हणजे एकाच लेखकाच्या, दोन आठवड्यांच्या अंतराने आलेल्या दोन संहिता. पहिल्या खुलाशात कंपनीने सांगितले की हा सुरक्षेचा उपाय आहे, ग्राहकाच्या ठशाच्या रक्षणासाठीच तो योजला आहे. तोवर अमेरिकेत ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावाही दाखल झाला होता. १८ फेब्रुवारीला दुसरा खुलासा आला. त्यात दिलगिरी होती, मेलेले फोन जिवंत करणारी नवी प्रणाली होती, ज्यांनी पदरचे पैसे देऊन बदली फोन घेतले त्यांना परतफेडीचे आश्वासन होते; आणि असेही म्हटले होते की ही तपासणी कारखान्यातील चाचणीसाठी होती, ग्राहकांना तिची झळ बसावी असा हेतू नव्हता. दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचाव्यात. जे रक्षण म्हणून सांगितले तेच नंतर अनवधान ठरले. ठशाची सोय बंद ठेवूनही फोन चालू राहू शकतो, हे तर दुरुस्तीनंतरच्या त्या आठवड्यांनी आधीच सिद्ध केले होते. नव्या प्रणालीनेही नेमके तेच केले: परके बटण असले तर ठसा बंद, बाकी सर्व चालू. आमच्या मते योग्य मर्यादा हीच, आणि ती पहिल्या दिवसापासून आखता आली असती. अमेरिकेतील दावा त्याच वर्षी जूनमध्ये निकालात निघाला.

योगायोग असा की दुसऱ्या खुलाशाच्या दोनच दिवस आधी, १६ फेब्रुवारीला, कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी आपले प्रसिद्ध अनावृत पत्र लिहिले होते. सॅन बर्नार्डिनो हत्याकांडातील हल्लेखोराचा फोन उघडण्यास साह्य करण्याचा न्यायालयाचा आदेश त्यांनी त्यात नाकारला. सरकारपुढे ग्राहकाचा कैवारी आणि दुरुस्तीवाल्यापुढे ग्राहकाचा पालक, अशी कंपनीची दोन रूपे एकाच आठवड्यात दिसली. आम्ही पहिल्याचे कौतुक करतो. पण पहिल्याच्या पुण्याईवर दुसऱ्याला सूट द्यावी, असे वाटत नाही.

खरी तड ऑस्ट्रेलियात लागली. तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगाने एप्रिल २०१७ मध्ये खटला भरला. फेब्रुवारी २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळात किमान २७५ ग्राहकांना, त्यांनी बाहेर दुरुस्ती केल्याच्या कारणावरून, कायदेशीर दाद नाकारल्याचे कंपनीने मान्य केले. जून २०१८ मध्ये न्यायालयाने ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. वादाचे सूत्र साधे होते. काच दुसऱ्याने बसवली एवढ्यावरून ग्राहकाचा हमीचा हक्क संपत नाही.

दुरुस्तीवाल्याच्या बाजूने बोलताना एक गोष्ट मात्र लपवू नये. आपल्याकडे फोन दुरुस्तीला टाकला की दुकानदार पावतीच्या कोपऱ्यात आपला गुप्त संकेत लिहून घेतो, आणि आपण तो खुशाल सांगतो. पुण्यातल्या तापकीर गल्लीत काय आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, हा व्यवहार ओळखीवर आणि विश्वासावर चालतो. तो विश्वास बहुधा सार्थ असतो. पण विश्वास म्हणजे सुरक्षा नव्हे, हे कंपनीचे म्हणणे येथे खरे आहे. प्रश्न इतकाच की हा धोका पत्करायचा की नाही, हे ठरवणार कोण?

हा प्रश्न बटणाबरोबर गेला नाही. २०१७ च्या आयफोन एक्समध्ये ठशाची जागा चेहऱ्याने घेतली. २०२१ च्या आयफोन १३ मध्ये बाहेर काच बदलली की चेहरा ओळखणे बंद पडू लागले. ओरड झाल्यावर कंपनीने माघार घेतली. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्याने सुट्या भागांची अशी कारखानी गाठ बांधून दुरुस्ती अडवण्यास मनाई करणारा कायदा केला. विधेयकावरील सुनावणीत कंपनीचा प्रतिनिधी विरोधात बोलला. त्याने पुढे केलेले कारण होते ग्राहकाची सुरक्षा.