कर्जातील ओळखचोरी (अमरावती व अकोला)

एखाद्याचे आधार, पॅन, सातबारा, छायाचित्र किंवा मोबाइल क्रमांक वापरून त्याच्या नावे परस्पर कर्ज उचलणे. पैसा भलत्याच्या खात्यात जमा होतो आणि थकबाकीदार म्हणून नाव लागते ते कागद ज्याचे त्याचे. वऱ्हाडात हे बहुधा उशिरा कळते. खरिपाच्या तोंडावर पीककर्ज मागायला गेल्यावर खिडकीवरून ‘तुमचं सिबिलमध्ये नाव आहे’ असे ऐकू येते, तेव्हा. ज्याने कधी कर्जच घेतले नाही, त्याला तर असे तपासायचे असते हेही ठाऊक नसते.

या भागात कागद फिरतात ते मुख्यतः एप्रिल ते जून या महिन्यांत. पीककर्जाच्या एका फायलीला सातबारा, आठ-अ, आधार-पॅनच्या झेरॉक्स, फोटो आणि इतर बँकांचे नो ड्यूज लागतात. पुढे पीकविमा आणि अनुदान यांसाठी तेच कागद पुन्हा काढावे लागतात. अकोट असो की दर्यापूर, तालुक्याच्या ठिकाणी माणूस मोबाइलमधला आधारचा फोटो झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर टाकतो, प्रत घेतो आणि निघतो. फोटो मात्र दुकानाच्या संगणकात राहून जातो. तो तिथल्या तिथे पुसायला लावणे आणि झेरॉक्सवर आडवे ‘फक्त पीककर्जासाठी’ असे तारखेसह लिहून सही करणे, हे दोन्ही बिनखर्चाचे उपाय आहेत. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड’ आधार द्या, असे पत्रक काढले होते. गोंधळ उडेल म्हणून दोनच दिवसांत सरकारने ते मागे घेतले. सल्ला मात्र चुकीचा नव्हता.

महाराष्ट्रात या प्रकाराचे सर्वांत गाजलेले प्रकरण वऱ्हाडाबाहेरचे, परभणी जिल्ह्यातील आहे. गंगाखेड शुगर या कारखान्यासाठी शेतकऱ्यांच्या नावे बँकांतून परस्पर कर्जे उचलल्याचा आरोप झाला. शेतकऱ्यांच्या हाती बँकांच्या नोटिसा पडल्यावर बोभाटा झाला, २०१७ मध्ये गुन्हा नोंदला गेला आणि डिसेंबर २०२० मध्ये सक्तवसुली संचालनालयाने सुमारे २५५ कोटी रुपयांच्या मालमत्तेवर टाच आणली. मोबाइलवरच्या झटपट कर्जाचा नमुना फेब्रुवारी २०२२ मध्ये दिसला. ‘धनी’ अॅपवर आपल्या पॅनवर न घेतलेले कर्ज असल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या. अभिनेत्री सनी लिओनी यांचीही त्यांत तक्रार होती. पहिल्या प्रकरणात कागदांचे गठ्ठे लागले, दुसऱ्यात पॅनचा क्रमांक पुरला.

शेतकऱ्याला आपल्या नावावरचे कर्ज गावातच दिसण्याचा एक प्रसंग कर्जमाफीने आणला. महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेची पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी लागली. यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात अंगठा लावायचा, पडद्यावरची रक्कम मान्य की अमान्य ते सांगायचे, अमान्य असेल तर जिल्हा समितीकडे जायचे, अशी ती पद्धत होती. एरवी बँकेच्या दप्तरात दडलेला आकडा चावडीवर आला. अशी सोय कर्जमाफीच्या वर्षापुरतीच असावी, हे खटकते.

एरवी पाहण्याच्या जागा दोन. पहिली सातबाऱ्याची. जमीन तारण ठेवून घेतलेल्या कर्जाचा बोजा फेरफाराने ‘इतर हक्क’ या रकान्यात चढतो. न घेतलेल्या कर्जाचा बोजा तिथे दिसला तर तलाठ्याकडून फेरफाराची नक्कल मागावी. बिनतारण कर्ज सातबाऱ्यावर येत नाही. त्यासाठी दुसरी जागा, पतअहवाल. २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याखाली ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क या चार कंपन्या काम करतात. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चौघींकडे एकदम मागण्यापेक्षा तीन-तीन महिन्यांनी एकेकीकडे मागितल्यास वर्षभर लक्ष राहते. अहवालात ३०० ते ९०० मधला गुणांक आधी डोळ्यांत भरतो, पण शोधायचे असते ते ‘चौकशी’ या भागात. आपण जिथे अर्जच केला नाही त्या संस्थेने आपला अहवाल मागवला असेल, तर कोणी तरी आपल्या नावाने तिथे जाऊन आले आहे. ऑक्टोबर २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार अशा चौकशीची सूचना एसएमएस किंवा ईमेलने आली पाहिजे. बँकेत नोंदलेला क्रमांक जुना असेल तर ती पोहोचणार नाही.

अमेरिकेत आपला पतअहवाल गोठवून नवे कर्ज रोखता येते, २०१८ पासून तेही मोफत. भारतात असा कायदेशीर हक्क नाही. इथे कुलूप लागते ते आधारच्या बोटांच्या ठशांना, एमआधार अॅपमधून. पण ओटीपी सांगून टाकल्यास त्या कुलपाचा उपयोग नाही. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हे संचार साथी पोर्टलवर दिसते.

बनावट कर्ज सापडल्यास तक्रार एकाच वेळी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे आणि पतमाहिती कंपनीकडे करावी. संस्थेकडे कर्जअर्ज, केवायसीचा फोटो आणि रक्कम कोणत्या खात्यात गेली, हे लेखी मागावे. खाते आपले नाही, हा यातला सर्वांत भक्कम पुरावा. ३० दिवसांत निकाल न लागल्यास २६ एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई देय आहे. पोलीस तक्रार १९३० या क्रमांकावर किंवा ठाण्यात. अमरावती शहराला आयुक्तालय आहे, ग्रामीण भाग आणि अकोला अधीक्षकांकडे. तेव्हा ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर मिळू शकते. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता नोंदवून घ्यावी लागते. ओळखचोरीला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

वसुलीवाला ‘थोडे भरा, सेटल करून टाकू’ म्हणतो, तेव्हा कटकट मिटवण्यासाठी पैसे भरू नयेत. भरलेला रुपया कर्ज मान्य केल्याची खूण म्हणून पुढे दाखवता येतो आणि अहवालावर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पुढच्या खरिपाला बँक तो प्रतिकूलच वाचते. संस्था दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत, आणि या तक्रारीला शुल्क नाही.