मे महिन्यातले मुंबई दर्शन : सहल की धम्मयात्रा?

मे महिन्याची सुटी लागली की आपल्या वस्तीत घरोघरी गावाकडचे पाहुणे उतरतात. कुणाची बहीण पोरंबाळं घेऊन अकोल्याहून येते, कुणाचा भाचा नांदेडहून, कुणाचे मेव्हणे साताऱ्याकडून. दहा बाय बाराच्या खोलीत दहा-बारा माणसं झोपतात, पण कुणाची तक्रार नसते. दोन दिवस गप्पागोष्टी झाल्या की ठरलेली मागणी येते, "भाऊ, आम्हाला मुंबई दाखवा." मग चपात्या-भाजीचा डबा, पाण्याच्या बाटल्या, म्हाताऱ्यांसाठी छत्री असा सारा जामानिमा घेऊन आपण निघतो. गेटवे ऑफ इंडिया, घारापुरीची लाँच, म्युझियम, मरीन ड्राइव्ह आणि शेवटी दादरच्या चैत्यभूमीवर वंदना. दोन दिवसांत मुंबई संपते!

आम्हीही वर्षानुवर्षे पाहुण्यांना अशीच मुंबई दाखवत आलो. एका वर्षी गेटवेसमोर भेळ खाताखाता सातवीतल्या भाच्याने विचारले, "मामा, हे राजासाठी बांधलं, ते साहेबाने बांधलं. ह्यात आपलं काय आहे?" आम्ही "चैत्यभूमी आहे ना!" असे म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही मनातून जाईना. इतकी वर्षे ह्या किनाऱ्यावरून फिरलो, ते नुसतेच फिरलो की काय? मग थोडे वाचले, जाणत्या माणसांना विचारले आणि त्याच वाटेने पुन्हा एकदा गेलो. त्या शोधात जे हाती लागले, ते विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सुरुवात गेटवेपासूनच करू. १९११ साली पंचम जॉर्ज राजा मुंबई बंदरात उतरला, त्याची आठवण म्हणून ही कमान उभारली. राजा आला तेव्हा कमान तयारच नव्हती. पुठ्ठ्याची प्रतिकृती उभी करून स्वागत उरकले गेले! जॉर्ज विटेट ह्या वास्तुशास्त्रज्ञाच्या आराखड्याप्रमाणे दगडी बांधकाम होऊन ४ डिसेंबर १९२४ रोजी ती खुली झाली. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण ह्याच कमानीखालून परत गेली. एवढे कुठलाही गाईड सांगतो.

पण ह्याच मुंबई बंदराने आणखी एक प्रवासी पाहिला. १९१३ साली बडोदा सरकारची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर नावाचा बावीस वर्षांचा तरुण अमेरिकेला निघाला. १९१७ साली तो परतला तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. त्याने वेगळ्या बोटीने पाठविलेली पुस्तके बोटीसकट समुद्रात बुडाली. १९२० साली तो पुन्हा अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेला. पुढे गोलमेज परिषदेत आपली बाजू मांडायला बाबासाहेब गेले तेही समुद्रमार्गेच. राजाच्या येण्याची कमान झाली. बाबासाहेबांच्या जाण्यायेण्याची आठवण तिथे उभे राहून मुलांना आपणच सांगायची आहे. आम्ही ती सांगितली तेव्हा भाच्याचा पहिला प्रश्न आला, "इतकी पुस्तकं बुडाली, मग त्यांनी काय केलं?" आम्ही म्हणालो, "पुन्हा जमवली!" राजगृह ते ग्रंथ ठेवण्यासाठीच बांधले, हे त्याला तिथेच समजले.

आता घारापुरी. गेटवेहून लाँचने तासाभराचा प्रवास. १८ डिसेंबर २०२४ रोजी ह्याच मार्गावर लाँचला भीषण अपघात होऊन माणसे दगावली, म्हणून आधी सांगतो, उकडले तरी लाइफ जॅकेट अंगातून काढू नका. धक्क्यावर उतरले की सुमारे १२० पायऱ्या चढून सगळे पहिल्या लेण्यात जातात, ती प्रचंड त्रिमुखी मूर्ती पाहतात, माकडांना हुसकावत कैरी-काकडी खातात आणि परत फिरतात. मूर्ती आहेच पाहण्याजोगी, त्यात वाद नाही. पण बेटावर दोन टेकड्या आहेत. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या जुन्या स्तूपाचे अवशेष आहेत. जाणकार त्यांचा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापर्यंत मागे नेतात. म्हणजे ती त्रिमुखी मूर्ती कोरली जाण्याच्या कितीतरी शतके आधी ह्या बेटावर बुद्धाला वंदन होत होते. बंदराकडे येणाऱ्या गलबतांना दूरवरून हीच टेकडी दिसत असणार. आम्ही तीन वेळा बेटावर गेलो होतो, पण ती टेकडी एकदाही पाहिली नव्हती. चूक आमचीच. आम्ही कुणाला विचारलेच नव्हते.

ह्या वेळी विचारले. काकड्या विकणाऱ्या मावशींशी बोलताना त्या म्हणाल्या, "लोक दगड बघून जातात, आमची घरं कुणी बघत नाही." शेतबंदर, मोरा बंदर आणि राजबंदर ही तीन गावे बेटावर आहेत. १९८७ साली लेणी जागतिक वारसा यादीत गेली, पण त्या गावांना समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती २०१८ साली! समोर सारी मुंबई रात्रभर झगमगत होती आणि इथे माणसे दिवसातून काही तास चालणाऱ्या जनरेटरवर भागवत होती. वेशीबाहेर राहणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

गेटवेला परत आले की काळा घोड्यापर्यंत चालत जाता येते. तिथे ते म्युझियम आहे. १९२२ साली ते लोकांसाठी उघडले. १९९८ पासून त्याचे नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असे आहे. समोरच एल्फिन्स्टन कॉलेज. बाबासाहेब १९१२ साली ह्याच कॉलेजातून बी.ए. झाले. ही इमारत मुलांना रस्त्यावरून जरूर दाखवा. मग म्युझियममध्ये जा आणि तलवारी-भांडी पाहण्याआधी एक दगड शोधा. तो सोपाऱ्याचा दगड आहे.

सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. लोकलच्या गर्दीमुळे आपल्याला ठाऊक असलेले हे ठिकाण दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी तिथला स्तूप उकरला. गावकरी त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. आत दगडी पेटी आणि तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक निघाले. भिक्षापात्राचे बारीक तुकडे, सोन्याची फुले आणि बुद्धांच्या लहान धातुमूर्तीही सापडल्या. त्या वस्तू फोर्टातल्या टाऊन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही सोपाऱ्यात मिळाला. म्युझियममधला दगड तोच.

तुकड्यावर थोडीच अक्षरे उरली आहेत. पूर्ण मजकूर गिरनारसारख्या इतर ठिकाणच्या लेखांवरून समजतो. त्यात काय लिहिले आहे? पूर्वीचे राजे 'विहारयात्रे'ला निघत. इथे विहार म्हणजे मौजमजा. शिकार आणि करमणूक. अशोक मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीच्या स्थानी गेला आणि तेव्हापासून त्याने 'धम्मयात्रा' सुरू केली. तिच्यात श्रमण-ब्राह्मणांच्या भेटी आणि दान, वृद्धांच्या भेटी आणि त्यांना मदत, तसेच गावोगावच्या लोकांना भेटून धम्माची विचारपूस होत असे. वाचता वाचता आम्ही थबकलोच. सहलीला जावे कसे, हेच तर सम्राटाने दगडावर कोरून ठेवले आहे! आणि तो दगड आपल्या सहलीच्या वाटेवरच उभा आहे.

वृद्धांना भेटा, असे अशोक सांगतो. म्हणून दुसऱ्या दिवशी विहारातल्या एका ज्येष्ठ उपासकांना आम्ही सोबत घेतले. त्यांच्या वडिलांचे आयुष्य गोदीत हमाली करण्यात गेले. पी. डिमेलो रोडवर गोदीच्या भिंतीपाशी उभे राहून बाबा मुलांना म्हणाले, "आत जाता येत नाही रे बाळांनो, इथूनच ऐका. १४ एप्रिलला तुम्ही मिरवणुकीत नाचता ना? त्याच तारखेला इथे आकाश फाटलं होतं."

ती तारीख १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाची बोट लागली होती. पोटात कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. दुपारी आग लागली आणि चारच्या सुमारास, अर्ध्या तासाच्या आत, दोन प्रचंड स्फोट झाले. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. म्हणूनच दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षे गाळातून निघत राहिल्या आणि त्यांचा हिशेब लागला. पण किती हमाल, किती मजूर, किती बाया मेल्या, ह्याचे आकडे आजही एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी आठशे म्हणतात, कुणी तेराशे. बाबा म्हणाले, "वडील सांगायचे, सकाळी बरोबर चहा प्यालेला माणूस संध्याकाळी नव्हता. त्याचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं." बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळीत होते. अशा वहीबाहेरच्या माणसांसाठीच तर त्यांची झुंज होती!

संध्याकाळी आम्ही दादरला पोहोचलो. ७ डिसेंबर १९५६ रोजी ह्याच समुद्राकाठी बाबासाहेबांना अखेरचा निरोप दिला गेला. वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या. भाचा कठड्याला टेकून समुद्राकडे बघत बसला होता. आम्ही विचारले, "काय रे, सापडलं का आपलं काही?" तो म्हणाला, "मामा, आपलं तर सगळीकडेच आहे की. फक्त पाटी नाही."

बंधू-भगिनींनो, ह्या वाक्यावर आमच्याने काही बोलवले नाही. ती पाटी सरकार लावील तेव्हा लावील. पण मुलांच्या मनावर ती लावण्याचे काम आपले आहे, आणि त्याला तिकीट लागत नाही. येत्या मे महिन्यात पाहुणे आले की गेटवेला जरूर न्या, भेळही खाऊ घाला. मात्र घारापुरीची दुसरी टेकडी, सोपाऱ्याचा दगड आणि गोदीची भिंत विसरू नका. आणि वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घ्या. त्यांना ठाऊक असलेले पुस्तकात मिळेलच असे नाही, आणि ते सांगायला ते दरवर्षी असतीलच असेही नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!