वासे आणि शाकारणी : सातारा-सांगलीच्या छपरांचा इतिहास

१/ महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण-खटावात जेमतेम पाचशेच्या आसपास. लाकडी छपराची घडण या फरकातून ठरली.

२/ जावळी-पाटणकडे उतरती, कौलारू छपरे. पाणी थांबूच नये हा हेतू. माण, आटपाडी, जतकडे सपाट माळवद : खांबांवर तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर.

३/ लाकूड मुख्यतः दोन कारणांनी मरते : वाळवी आणि बुरशी. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या वर गेला, की बुरशी वाढू लागते. सागाच्या गाभ्यातील नैसर्गिक द्रव्ये दोहोंना रोखतात. आंब्याच्या लाकडात ती ताकद नाही. म्हणून वाड्यांना साग आणि गरिबाच्या घराला मिळेल ते लाकूड.

४/ वाईजवळ मेणवली येथे नाना फडणवीसांचा अठराव्या शतकातील वाडा आजही उभा आहे. पुण्याचा शनिवारवाडाही सागाचाच. १८२८ च्या आगीनंतर त्याचे दगडी जोते व तटबंदी तेवढी उरली. पावसाला पुरून उरणारे लाकूड आगीपुढे हरले.

५/ १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. खाचेत खाच बसणारी ही कौले नळीच्या कौलांसारखी सहज सरकत नसत. वासे कोरडे राहू लागले.

६/ लाकूडच बदलण्याचा उपाय विसाव्या शतकात आला. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंटी कामेसम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण सिद्ध केले. त्यामुळे हलके लाकूडही दीर्घायुषी झाले. पद्धत जगभर पसरली. पुढे आर्सेनिकच्या विषारीपणामुळे अनेक देशांनी घरबांधणीत तिच्यावर बंधने आणली.

७/ तरीही जुन्या छपरांचे खरे औषध होते शाकारणी. मृगापूर्वी कौले उतरवून फुटकी बदलायची, माळवदावर नवी माती चोपायची. साताऱ्याची माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, घरे कुलूपबंद झाली, तेव्हा अनेक ठिकाणी हा वार्षिक क्रम तुटला. एक कौल सरकले, तरी त्याखालचा वासा काही पावसाळ्यांत कुजतो.

८/ घर फिरले की वासे फिरतात, असे म्हण सांगते. छपरांचा इतिहास उलट क्रम दाखवतो : आधी माणूस दूर जातो, मग कौल सरकते, वासा कुजतो आणि शेवटी घर बसते. आज पाडल्या जाणाऱ्या कित्येक वाड्यांतील सागवान अजून शाबूत असते. संपलेली असते ती शाकारणी.